सोमवारची मेथी

कराड, ६ जानेवारी

चि. सौ. उत्कर्षा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून तू लिहितेस, बरं वाटतं. पण अक्षर काय झालंय गं तुझं! कोंबडीचे पाय बरे. जयपूरच्या डॉक्टरांनी संधिवातावर मेथी दिली हे वाचून ऊर भरून आला. पण ती सोमवारी एकदाच, आणि रोज घेतली तर जिवाशी खेळ? असला कसला डॉक्टर, बाई! मी जन्मभर मेथी खातेय, मेले का?

सोबत चाळीस लाडू पाठवलेत, रोज एक खा. वळले मात्र शेजारच्या कीर्तीने. थंडीनं माझी बोटं सकाळी दहापर्यंत मिटत नाहीत. जावईबापूंपासून डबा लपवून ठेव, आणि लाडू संपले की कळव.

तुझी
माधवीआत्या

जयपूर, १७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, मेथी नव्हे, मेथो! मेथोट्रेक्सेट नावाची गोळी. सुजलेल्या बोटांनी काना-मात्रा दिली, तिची वेलांटी झाली. तुझा जावई अभिषेक हसून हसून लोळला, मग त्याने सहा लाडू खाल्ले. इथे थंडीत घरोघरी मेथीचेच लाडू, तरी शेजारच्या भाभीजींनी तुझी कृती मागितली.

हा वयाचा संधिवात नाही. अभिषेक फौजी भाषेत सांगतो, आपलीच पलटण आपल्याच चौकीवर गोळ्या झाडते. सांधे वाकडे व्हायच्या आत तिला आवरायचं. सकाळी मी हात कोमट पाण्यात बुडवून बसते, बरणी उघडायला नवऱ्याला हाक मारते. लाज सोडली.

आता तुझं. थंडीनं बोटं मिटत नाहीत म्हणतेस, मग गणपतीत कुठली थंडी होती? तेव्हाही मोदक कीर्तीनेच वळले. तिला शिकू दे, म्हणालीस. आत्या, माझंही असंच सुरू झालं होतं, दोन्ही हात, सकाळीच. मला भीती वाटते गं. सांध्यांच्या डॉक्टरांना दाखव. तोवर मी लाडवाला शिवणार नाही.

तुझी हट्टी भाची
उत्कर्षा

कराड, १२ फेब्रुवारी

चि. सौ. उत्कर्षा हिस,
अ. आ. वि. वि.

आत्याला धमकी देतेस? आठ दिवस रागावले, मग कीर्तीला घेऊन गेले. डॉक्टरीण तुझ्याहून लहान, पण हुशार. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. तुझंच दुखणं निघालं. दोन वर्षं लपवलंत कशाला, असं तिनं विचारलं आणि मला एकदम रडूच आलं. सगळी आळी माझ्या मोदकांचं नाव घेते. ते येईनासे झाले हे कुणाला सांगायचं?

दोन बोटं वाकलीत ती सरळ व्हायची नाहीत, बाकीची वाचवू म्हणाली. गोळीला मी सोमवारच मागून घेतला. तू तिकडे घे, मी इकडे. मी चुकून रोज खाईन म्हणून कीर्तीने कॅलेंडरवर सोमवारांना लाल गोल केलेत.

आता मुकाट्यानं लाडू खा, आणि गणपतीला ये. मोदक मी वळणार आहे. कळ्या पाचच पडल्या तरी लोभ असावा.

तुझी
आत्या