मी विकत न घेतलेलं पहिलं घर

आई, माझी नोकरी गेली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि तुला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये एका ऊर्जा कंपनीत अठरा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. एका मंगळवारी सकाळी दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर ते संपलं. मग तीन महिने अर्ज करत राहिले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. आलं तेही माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांकडून, फार गोड शब्दांत. तुझे जावई म्हणाले, "अगं, बस की आता निवांत. माझी नोकरी आहे ना." त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, पण मी त्याच क्षणी ठरवलं की बसायचं नाही.

मी जे सुरू केलं त्याला इथे होलसेलिंग म्हणतात. पडझड झालेलं, मालकाला नकोसं झालेलं घर शोधायचं, एक भाव ठरवून त्याच्याशी करार करायचा, आणि मुदत संपायच्या आत तो करार घरं दुरुस्त करून विकणाऱ्या एखाद्याला थोड्या जास्त भावानं सोपवायचा. मधला फरक आपला. घर आपण घेतच नाही. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, "हे मालकाला ठाऊक असतं का गं?" मी ज्यांच्याकडे दोन शनिवार-रविवार शिकायला गेले, ते गृहस्थ सांगायचे, "मालकाला एवढंच म्हणायचं, मी घर घेते. जास्त बोललात की गेलं हातचं." मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

जूनपासून गाडी घेऊन जुन्या वस्त्यांतून हिंडायला लागले. इथला उन्हाळा घामट, पाच मिनिटांत पाठ भिजते. गुडघाभर वाढलेलं गवत, टपालानं तुंबलेला मेलबॉक्स, छपरावर निळी ताडपत्री दिसली की उतरायचं आणि दार वाजवायचं. एकानं दार न उघडताच बेलमधल्या स्पीकरवरून सांगितलं, "दिसतेयस मला कॅमेऱ्यात. चालती हो." एका म्हाताऱ्यानं गार पाण्याची बाटली दिली आणि घर मात्र विकायचं नाही म्हणाला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या, "अय्या, तू दारोदार फिरतेस? एवढी शिकलेली?" मी हसले, प्रसादाचा द्रोण संपवला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा नऊ दारं जास्त केली.

त्या दिवसांत तू फार आठवायचीस. अकोल्यात खांद्याला कापडी पिशवी अडकवून विम्याच्या पॉलिसी विकत फिरणारी. तुझं अक्षर गिचमिड, म्हणून फॉर्म मी भरायचे. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झालीय. तू भाकरी थापतेयस, मी शेजारी पाटावर बसून एका शिक्षकांचा फॉर्म भरतेय. 'पूर्वीचा काही आजार' या रकान्यात मी सरळ 'नाही' लिहिते. तू विचारतेस, "त्यांना विचारलंस?"

"सगळे नाहीच लिहितात, आई."

"आणि उद्या तो माणूस गेला, कंपनीनं पैसे नाकारले, तर त्याच्या बायकोच्या दारात तू जाशील?"

तव्यावरची भाकरी करपते आणि तू बघतही नाहीस. मे महिन्याच्या भर दुपारी तू मला अर्धं अकोला चालत पाठवलंस. सरांना मधुमेह निघाला. हप्ता वाढतोय म्हटल्यावर त्यांनी पॉलिसी घेतलीच नाही. एवढं करून मिळवलंस काय, म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र सकाळी पिशवी घेऊन बाहेर.

पाचव्या महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. मी त्यांच्या दाराला चिठ्ठी लावून आले होते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या. वादळात छपराचा एक भाग उडालेला, त्यावर ताडपत्री, आणि त्यांना शेजारच्या लुइझियाना राज्यात बहिणीकडे जाऊन राहायचं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. त्यांनी बर्फ घातलेला चहा दिला. भाव ठरला. मी शिकवणीत सगळ्यांना मिळालेला कराराचा कागद पुढे केला, त्यांनी पेन उचललं आणि सहज विचारलं, "मग राहायला कधी येणार तुम्ही?"

हसून काहीतरी बोलले असते तरी सही झाली असती. मी म्हणाले, "मी इथे राहणार नाही. खरं तर हे घर मी घेणारही नाही." आणि सगळं सांगितलं. करार दुसऱ्याला देणार, फरक मी ठेवणार, तीस दिवसांत कुणी मिळालं नाही तर तुम्ही मोकळ्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुझ्याकडे पैसे नाहीत."

"नाहीत."

"मग माझ्या टेबलाशी काय करतेयस?"

मी कागद गोळा केले, चहाबद्दल आभार मानले आणि गाडीत येऊन बसले. रडू नाही आलं, राग आला. तुझाच. पाच महिन्यांतली पहिली सही तुझ्यामुळे गेली, असं मी गाडीत मोठ्यांदा बोलले. मग पुढच्या गल्लीत जाऊन आणखी तीन दारं वाजवली.

आठवड्यानं त्यांचा पुन्हा फोन. "तुझ्यानंतर दोघं येऊन गेले. दोघंही म्हणाले, आम्हीच घर घेतोय. एकाकडे तर तुझाच कागद होता, शब्द न् शब्द तोच. मी विचारलं, तू घेणार की दुसऱ्याला देणार? माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, मीच घेणार. तू ये परत."

सही झाली, पण खरं काम पुढेच होतं. जो येई तो छपराकडे बघे, मग घराच्या एका कोपऱ्यात खचलेल्या पायाकडे, आणि निघून जाई. दर शुक्रवारी मी बाईंकडे जाऊन या आठवड्यात कोण कोण नाही म्हणालं ते सांगत असे. चोविसाव्या दिवशी आपल्या दोन भावांना घेऊन एक जण आला, घरं दुरुस्त करून विकणारा. घराखालच्या पोकळीत सरपटत गेला, माती झटकत बाहेर आला आणि एक आकडा बोलला. बाईंना कबूल केलेल्या भावापेक्षा जेमतेम वर. शिकवणाऱ्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "बाईंचा भाव खाली आण. मुदत संपत आली, घाबरल्या असतील. हीच वेळ आहे." मी त्यांना धन्यवाद म्हटलं आणि बाईंचा भाव होता तसा ठेवला.

खरेदीखत होतं त्या टायटल ऑफिसात सह्या झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुला काय उरलं?" मी आकडा सांगितला. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की काउंटरवरची मुलगी वळून बघायला लागली. "पुढच्या वेळी छप्पर असलेलं घर शोध," म्हणाल्या, आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

त्यानंतर दुसरा करार फिसकटला, तिसरा आता हातात आहे. तुझे जावई अधूनमधून विचारतात, अजून किती दिवस? मी म्हणते, अजून. उद्या सकाळी आठला मला एका घराचा मागचा ओटा बघायला जायचंय आणि मी जाणार आहे.

आई, हे पत्र वहीतच राहील. तसं राहणार आहे म्हणूनच एक सांगते. नववीत मी एका मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते आणि दारात तुझा आवाज आला. तिची आई हळूच म्हणाली, "विमावाली दिसतेय. सांग, घरी कुणी नाही." मैत्रिणीनं तसं सांगितलं. तू म्हणालीस, "बरं, पुन्हा येईन." मी आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसले, आणि ही माझी आई आहे, असं त्या घरात कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी तू काही विचारलं नाहीस. इतकी वर्षं मी मनाला समजावत आले की तुला कळलंच नसेल. पण माझ्या नव्या चपला दारातच होत्या, आई. हिरव्या पट्ट्यांच्या, तूच निवडलेल्या.