ट्राइकच्या मागची सीट

बाबा,

मी दमले आहे. हे तुम्हाला सांगणं सोपं, कारण तुम्ही लगेच उपाय सुचवणार नाही. इथे कुणापुढे हुं म्हटलं की उपाय येतो. मुलगी तर जर्मनमध्येच सुनावते, की ते धूड विकून टाका एकदाचं. धूड म्हणजे तुमच्या जावयांची तीन चाकी मोटरसायकल, ट्राइक म्हणतात तिला, आणि ती ज्यात घालून न्यायची तो बंद ट्रेलर. जावयांना तुम्ही पाहिलंच नाहीत. इथे जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, आणि मोटरसायकलचं वेड. अपघातात डावा पाय आखूड झाला, दोन चाकांवर गाडी पेलेना. डॉक्टरांनी सांगितलं आराम करा, आणि ह्यांनी ट्राइक घेतली. पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या माणसाला टेकायला चांगली ऐसपैस पाठ. ती दारात आली तेव्हा मला आधी तुमची स्कूटर आठवली.

तुमच्या स्कूटरलाही मागे दोन जादा चाकं होती, पोलिओच्या पायासाठी जोडून घेतलेली. पोस्टातली बदली झाली, साताऱ्याहून मिरजेला, तेव्हा ती सामानाच्या ट्रकमध्ये चढवली, आणि कलंडेल म्हणून तुम्ही वाटभर तिच्यावरच बसून राहिलात. आई पुढे ड्रायव्हरशेजारी. मी गाद्यांच्या ढिगावर पडले आहे, पेट्रोलचा वास येतो आहे, आणि तुम्ही हँडल घट्ट धरून बसला आहात, जसा काही ट्रक तुम्हीच चालवताय. ह्यांनी ट्रेलरच्या भिंतीला बिजागऱ्यांवर पलंग बसवला, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि वर फळीवर छोटा गणपती ठेवला, तेव्हा मी विरोध केला नाही तो त्या वासापायी. गादी आणि पेट्रोल एकत्र, म्हणजे माझ्या लेखी तुमच्याबरोबरचा प्रवास.

पण रोजचं काम ते कामच. लांबच्या पल्ल्याला ह्यांचा पाय अवघडतो, म्हणून ट्राइक ट्रेलरमध्ये घालून मी मोटारीने ओढत न्यायची, आणि तिथे पोचल्यावर हे फिरणार. ट्रेलर ओढायचं वेगळं फ्युररशाइन, म्हणजे लायसन्स, मी पन्नाशीत काढलं. मुक्कामाला ट्राइक बाहेर काढल्याशिवाय पलंग खाली येत नाही. म्हणजे मागचं दार उतरणीसारखं आडवं पाडा, चाकांचे पट्टे सोडा, ट्राइक ढकला, पलंग पाडा, मग कुठे चहा. सकाळी हेच सगळं उलट. पट्टे आवळताना माझा खांदा ठणकतो, आणि हे काठीवर रेलून सांगतात, ‘‘अगं, उजवीकडचा जरा सैल वाटतोय.’’ हे फिरायला निघाले की मी मोटारीतून मागोमाग, न जाणो पाय अडला तर. सुट्टी म्हणतात ह्याला.

ह्या उन्हाळ्यात समुद्राकडे निघालो होतो. कोलोनच्या अलीकडे रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये मुक्काम केला. ट्रेलरमध्ये गणपती, तिथेच स्वयंपाक, तेव्हा बूट बाहेर हा माझा नियम. तुमच्या घरात वाढलेली मुलगी, दुसरं काय करणार! संडासाच्या चपलाही वेगळ्या, त्या मोटारीत. सकाळी हे त्या चपला घालून तिकडे जाऊन आले आणि तसेच मोटारीत बसून पेंगायला लागले. मी ट्राइक चढवली, पट्टे आवळले, दार लावलं, निघाले. बरंच पुढे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा हे खाली उतरू पाहतात तर पायात त्या चपला. ह्यांचा डावा बूट जाड तळाचा, मापाने बनवून घेतलेला. त्याच्याशिवाय ट्राइकही नाही आणि धड चालणंही नाही. मीच बूट बाहेर काढायला लावले होते, आणि मीच ते तिथे ठेवून आले होते.

परत फिरलो. ट्रेलर मागे असला की ऐंशीच्या वर जायचं नाही, लॉऱ्यासुद्धा मागून हॉर्न मारतात. पार्किंगमध्ये बूट होते. कुणीतरी ते उचलून बाकावर जोडीने ठेवले होते आणि पावसाने भिजू नयेत म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी घातली होती. ती पिशवी पाहून मला रडूच फुटलं. म्हटलं, ‘‘अहो, पुरे झालं. मीच बांधायचं, मीच सोडायचं, मीच ढकलायचं. विकू या सगळं.’’

हे बूट घालत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘विक. पहिल्या दिवसापासून मागची सीट रिकामी आहे. मी एकट्याने हिंडायला घेतली होती का ही?’’

आणि मला साताऱ्याचा चढ आठवला. मला मागे बसवून तुम्ही निघालात, चढावर स्कूटर धापा टाकायला लागली, तशी मी शहाणी उडी मारून खाली उतरले आणि मागून ढकलायला लागले. तुम्ही वर जाऊन थांबलात. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुमचा आवाज अजून कानात आहे. ‘‘ढकलायला कुणी सांगितलं? बस म्हटलं होतं ना?’’ इतके कधी रागावला नव्हतात. मी रुसले होते. आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं.

तरी समुद्रावरून परतल्यावर जाहिरात दिली, कारण खांदा काही तुमच्या आठवणीने बरा होत नाही. गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं, दोन्ही घ्यायला तयार. नवरा ट्राइकवर बसून पाहत होता, हॉर्न वाजवत होता. हे दारात उभे, काठीवर दोन्ही हात ठेवून. माझ्याकडे पाहत नव्हते. मी त्यांना जर्मनमध्ये म्हटलं, ‘‘आल्झो, असं आहे, फक्त ट्रेलर. ट्राइक नाही विकायची.’’ ती माणसं गेल्यावर ह्यांनी विचारलं, ‘‘मग लांब कसं जायचं?’’ म्हटलं, ‘‘नाही जायचं. तुमचा पाय जिथपर्यंत साथ देईल तिथपर्यंत जाऊ. मी मागे बसेन.’’

ट्रेलर गेला. गणपती पुन्हा स्वयंपाकघरात आला आहे.

काल नेकार नदीच्या काठाने गेलो. हेल्मेट घालून मागे बसले. ढकलायला काही नव्हतं, बांधायला काही नव्हतं, हात कुठे ठेवायचे ते समजेना, म्हणून ह्यांच्या खांद्यांवर ठेवले.

हे पत्र टाकणार नाही. अपुऱ्या पत्त्याच्या पत्रांवर तुम्ही किती वैतागत होतात ते मी पाहिलं आहे. पण एक गोष्ट ह्यांना सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘‘कशी वाटली नदी?’’ मी म्हटलं, फार सुंदर. खरं तर मी ती पाहिलीच नाही. सीटच्या पाठीला टेकले आणि पहिल्याच वळणावर मला झोप लागली.