आबांच्या परड्यातली फुटबॉल लिली

प्रिय क्रांती,

फोनच करणार होते, पण मी फोन उचलला की तुझे आबा टीव्हीचा आवाज बंद करून कान टवकारतात आणि वर म्हणतात, "कुणाचा का असंना, मला काय त्याचं?" म्हणून लिहायला बसले.

तुम्ही त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून त्यांनी श्रेयसचं नाव घेतलेलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. जावयाची नर्सरी, म्हणून नुसतं 'त्यो रोपवाला'. दिवाळीत त्यानं फुटबॉल लिलीचे गड्डे पाठवले, तर म्हणाले, "कांदं पाठिवल्यात व्हय? टाक उकिरड्यावर." मी गपगुमान घरामागच्या परड्यात लावले. पण फुटबॉल हा शब्द कानात शिरला होता ना! कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या फुटबॉलवेड्या माणसाला तेवढा पुरतो. दुसऱ्या दिवसापासून स्वतः पाणी घालायला लागले, आणि तेही कसं? जन्मभर ऊस पिकवलेला माणूस! पाइप सोडायचा आणि चहाला बसायचं. म्हशी लोळतील इतका चिखल झाला. श्रेयसनं बजावलं होतं की भरपूर ऊन हवं, पाणी तुंबता कामा नये, थंडीत गड्डे झोपतात तेव्हा तर पाणीच नको. मी तसं सांगितलं तर भडकले, "मला शेती शिकिवतोय?" वर कोंब आला का म्हणून रोज उकरून बघायचे. अर्धे कुजले.

त्या दिवशी जेवले नाहीत गं. म्हणाले, "पोरीच्या घरचं आल्यालं, ते बी जगिवता येईना." मला फार वाईट वाटलं.

मग एके सकाळी बघते तर वाफा उंच केलेला, खाली विटांचे तुकडे, मातीत वाळू. सगळं श्रेयसनं सांगितलं तसंच, पण म्हणे, "माझ्याच डोक्यातनं आलंय हे." आता मी तिकडं भांडं विसळलेलं पाणी फेकलं तरी खिडकीतून 'फाऊल' ओरडतात.

परवा फुलं आली. लालभडक, चेंडूएवढी! शेजारचे गणपतराव भिंतीवरून बघत म्हणाले, कुठनं आणलीसा? तर आबा छाती काढून म्हणाले, "आमच्या जावयानं दिल्यात." माझी चपाती तव्यावर करपली.

तर आता खरं सांगते. अधिक महिना लागलाय, तुमचा पहिलाच. तुम्हाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं का, हे विचारायची माझी हिंमत होईना. काल त्यांनीच पुरणाची डाळ आणि एक शर्टपीस ओट्यावर ठेवला आणि वाफ्याकडं निघून गेले. तुला भाऊ नाही, म्हणून रविवारी सकाळी मुराळी होऊन तेच हातकणंगल्याला येताहेत, तुम्हा दोघांना न्यायला. मला मात्र सांगितलंय, आणखी गड्डे मागायला चाललोय. तेव्हा त्यांना आधी गड्डेच दे, अजिबात हसू नकोस, आणि बॅग भरून दाराआड ठेव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई