पुढच्या खुर्चीतल्या टाळ्या

माझ्या बाळ्या,

रविवारी दुपारी परत कॉफीच्या दुकानामागच्या तू गायचास त्या हॉलवर गेले होते. दारावरच्या जाड्याने हातानेच तिकीट नको म्हटलं आणि पुढची खुर्ची दाखवली. मोठा गोड माणूस, वजन तेवढं कमी करायला हवं. असो.

एक सांगते, रागावू नकोस. माझे कान दोन वर्षांपूर्वीच गेलेत. सांगितलं असतं तर तू मला न्यायचं बंद केलं असतंस. स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला, की तुझं गाणं अंगभर यायचं, फार मजा वाटायची.

त्या शेवटच्या दिवशी तू गिटार थांबवून माइकवर काहीतरी बोललास. मला वाटलं, गाणं संपलं. मी एकटीनेच हसत टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि मागच्या दाराने गेलास.

ड्रमवाल्या पोरीने तुझं बोलणं नंतर कागदावर लिहून दिलं. अक्षर अक्षर जुळवत वाचलं. 'मी कायमचा चाललोय. मला कुणीतरी थांब म्हणा.'

आठ महिने झाले. तुझा पत्ता नाही, हे पाठवू कुठे?

मी अजून जाते. टाळ्या वाजवत नाही. गिटार थांबली आणि गाणाऱ्याचे ओठ हलायला लागले, की मीच मोठ्याने 'थांब' म्हणते. पोरं हसतात.

तुझीच,
बहिरी आजी