चरली इथं, बसली तिकडं

२ मार्च, रविवार
हॉस्टेलच्या पोरींना रविवारी गोड असतं. शिरा केला. साखर कमी पडली म्हणून मलाच बोलणं, जसं काय मी घरी नेली.

रेणूच्या कॉलेजात वादविवाद हाय. विषय असा की युनिव्हर्सिटीचं शिक्षण सरकारनं लोकांच्या टॅक्सातून फुकट द्यावं का. चिठ्ठी काढली तर हिच्या वाट्याला विरोधात बोलायचं आलं. तोंड पाडून बसली. "आई, मीच फुकट शिकायलेय. विरोधात काय बोलू?"

म्हणलं माझं तोंड घेऊन जा.

अन् बोललेच. मल्लू माझा थोरला. बीदरला सरकारी सीटवर इंजिनिअर झाला. फी न्हाई, राहणं सरकारचं, पुस्तकं सरकारची. आता पुण्याला. तीन वर्षं झाली, जत्रेला आला न्हाई. फोनवर इचारलं की रजा न्हाई. रेणूला म्हणलं, लिही. मेंढरं अख्ख्या तालुक्याच्या रानात चरतात अन् रातच्याला बसतात तिसऱ्याच्याच शेतात. लेंड्या त्याला, धसकटं आम्हाला. चरली इथं, बसली तिकडं. खत सगळं पुण्याला.

माझं माहेर मेंढरावालं. ह्यातलं मला कुणी शिकवू नये.

ती लिहून घ्यायली. मी भांडी घासायला उठले. बोलताना मला बसवत न्हाई.

५ मार्च, बुधवार
परीक्षा झाल्यावर गुलबर्ग्याला एम.ए. करायचंय म्हणती. ह्यांना इचारलं. हे म्हणले आईला इचार. टमटम ह्यांची, ब्रेक दाबायचा मी.

मी न्हाई म्हणलं. एक गेला तेवढं बास. फारमवर पालकाची सही लागती म्हणं. लागू दे.

८ मार्च, शनिवार
रेवणअप्पाच्या दुकानात गेलते, न्हाणीसाठी एक पोतं सिमेंट. अप्पा चहा पीत बसलेले. "कमळाबाई, आमच्या टॅक्सवर तुझी दोन्ही लेकरं शिकली बघ."

म्हणलं, "अप्पा, ह्या पोत्यावर टॅक्स हाय का?"
"हाय की."
"कोण भरायलंय?"
अप्पानं चहा बशीत ओतला. मग म्हणले, "ते वेगळं."

वेगळं कामून ते सांगितलं न्हाई. चहा पण इचारला न्हाई. रस्ताभर तेच डोक्यात. साबणावर हाय, चहापत्तीवर हाय, माझ्या बी.पी.च्या गोळीवर हाय. म्हणजे मल्लूला अप्पानं शिकवलं तसं मी पण शिकवलं. अन् ज्यांनी कॉलेजचं फाटक बघितलं न्हाई त्या बायांनी पण.

तरी मी विरोधातच. जास्तच विरोधात. माझे पैसे पण पुण्यालाच गेले की मग.

१२ मार्च, बुधवार
आज स्पर्धा. रेणूनं बोलावलं न्हाई, तरी गेले. सईदा माझ्यासंगं स्वैपाकाला असती, तिच्यावर भाकऱ्या सोपवल्या. "जाव अक्का, मैं देखती." हाताचं पीठ पण धुतलं न्हाई, मागच्या बाकावर जाऊन बसले.

कन्नडात बोलली, पण शब्द सगळे माझे. रान, मेंढरं, खत. मी तर घरात रागानं बोलले होते. हिनं थांबून थांबून, हात हलवून बोललं. नन्न अण्ण म्हणून मल्लूला पण मधी आणलं. माझा भाऊ इथं चरला, तिकडं बसला. पोरं हसली. टाळ्या.

पहिला नंबर. कप रेवणअप्पाच्या हातून, बक्षीस त्यांचंच होतं. अप्पा माईक धरून म्हणले, "ही पोरगी खरं बोलली. फुकट देणं बंद करा." परत टाळ्या.

माझंच बोलणं अप्पाच्या तोंडात गेलं अन् मला वळखू येईना. कप घेताना रेणूनं मला बघितलं. हसली न्हाई.

मी तशीच मागल्या दारानं आले. भाकऱ्या जाड झालत्या. सईदाला उगी बोलले.

१३ मार्च, गुरुवार
कुणीतरी व्हिडिओ काढला. पुण्याला पोचला.

मल्लूचा फोन. एरवी आठवड्यात एकदा, आज सकाळीच. "आई, मी मेंढरू हाय का?"
म्हणलं, "स्पर्धा होती बाबा. रेणू बोलली."
"शब्द तुझे हायेत. मला कळत न्हाई व्हय?"
ठेवला.

रेणू जेवली न्हाई. कप तांदळाच्या डब्यामागं सरकवला. म्हणली, "दुसऱ्या बाजूचा पोरगा खरं बोलला अन् हरला. मी खोटं बोलून जिंकले."
म्हणलं, "खोटं कसं? मी खोटं सांगितलं का?"
उठून पाणी भरायला गेली.

दिवसभर घर झाडत होते. तीन बारी झाडलं.

१९ मार्च, बुधवार
हॉस्टेलातली सुनीता घरी गेली. औरादकडची पोरगी, तिचं कॉलेज वेगळं, त्याचं नाव लिहीत न्हाई. स्कॉलरशिप कुठंतरी अडकली. कुठं ते कुणाला सांगता येईना. फी भरल्याबिगर परीक्षेला बसता येत न्हाई. बाप न्यायला आलता, लोखंडी ट्रंक घेऊन.

हिला मी लई बोललेय. भात टाकू नको, ताट चाटून पुसून खा, सरकारचं हाय म्हणून. ती एक शीत टाकत नव्हती, तरी बोलायचे, सवयीनं.

जेवण वाढलं. दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधून दिल्या. म्हणली, "अक्का, मी येते परत."
बाप म्हणला, "बघू."

ताटावर नाव घातलेलं हाय तिचं. तेवढं राहिलं, न्यायचं इसरली.

मल्लूवर राग धरता येतो, त्यो चरून गेला. हिनं तर अजून तोंड पण लावलं नव्हतं.

२० मार्च
कायी न्हाई. गोळी घ्यायची इसरले.

६ एप्रिल, रविवार
बिरूचा मेंढरांचा वाडा हुमनाबाद रोडला उतरलाय. बिरू माझा धाकटा भाऊ, त्याच्याकडं अजून मेंढरं हायेत, शंभराच्या आत. भाकऱ्या अन् ठेचा घेऊन गेले.

बसायच्या आधीच म्हणला, "अक्का, व्हिडिओ बघितला. पोरगी झ्याक बोलती. पण तुझी मेंढरं खोटी हायेत."
"कामून?"
"मेंढरू आपल्या मनानं बसतंय व्हय कुठं? शेतकरी बोलावणं धाडतो. ज्वारी देतो, पाणी दाखवतो. मग मी बसवतो. ज्यानं बोलावलं त्याला खत. मल्लूला कुणी बोलावलं?"
म्हणलं, "पोटच्या पोराला बोलावणं धाडायचं असतं व्हय?"
"तुझं सोड. गावानं बोलावलं का? काय हाय इथं त्याला बसायला?"

मला गप बसवणारा हा एकच.

मग समोरचं रान दाखवलं. तार मारलेली. मागल्या साली तिथं चरायचे. मालक म्हणला, माझं धसकट फुकटात कामून खायचं? तार मारली. "आता त्योच खताच्या पोत्यासाठी लायनीत उभा असतो बघ," बिरू म्हणला अन् हसला. त्याला हसू येतंय, मला येईना.

लग्नाआधी दहा वर्षं मी मेंढरामागं फिरले. बोलावणं आलं की आमचे वडील आम्हा लेकरांना आधी पळवायचे, पाणी कुठं हाय बघून या म्हणून. पाण्यापर्यंत मीच पळायचे. अन् हेच कसं इसरले. चिडलेल्या माणसाला अर्धंच आठवतंय का काय.

येताना बस मिळाली न्हाई. चालत आले. बरं वाटलं.

४ मे, रविवार
आज अप्पाच्या दुकानात मुद्दाम गेले. कायी घ्यायचं नव्हतं.

म्हणलं, "अप्पा, टॅक्स तुमचा, त्याच्यावर शिकलेलं पोरगं तुमचं. बोलवा त्याला. द्या काम."
अप्पा म्हणले, "इंजिनिअर घेऊन मी काय करू? मला हमाल पाहिजे."
"मग चरला इथं, बसला तिकडं म्हणून टाळ्या कामून वाजवल्या?"
"कमळाबाई, तू भांडायला आलीस का?"
"व्हय."

गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर अप्पा बारीक आवाजात म्हणले, "माझा पण हैदराबादला हाय. त्याची तर मी सगळी फी भरली होती. कुठं फुकट शिकला त्यो? तरी गेलाच की."

एवढं भांडायचं ठरवून गेलते. अप्पानं पोऱ्याला न पाठवता सोता चहा ओतला, मला पण दिला. साखर लई होती. पिले.

दुकानातनं निघताना म्हणले, "तरी फुकट देऊ नये. माझं मत तेच हाय." म्हणलं, असू द्या. मत असायला काय लागतंय.

२५ मे, रविवार
रेणूची परीक्षा झाली. गुलबर्ग्याचं कायीच काढत न्हाई. मला वाटलं इसरली. आज पिठाचा डबा उचलला तर खाली फारम. सगळं भरलेलं, फोटो चिकटवलेला, पालकाच्या सहीची जागा तेवढी मोकळी. उद्या शेवटची तारीख.

"इचारलं कामून न्हाई?"
"तू न्हाई म्हणलीस ना. अन् तुझं म्हणणं मी पाचशे लोकांसमोर बोलून आले. आता कुठल्या तोंडानं इचारू?"

ह्या पोरीला माझीच जीभ दिलीय देवानं.

म्हणलं पेन दे.
"आधी सांग, तुझं मत बदललं का?"
"मत बित राहू दे. पेन दे."
"न्हाई, सांग."
"न्हाई बदललं. फुकट घेतल्यावर माणसानं मागं बघावं, हे माझं मत. पण सुनीतासारखं ट्रंक घेऊन माघारी फिरावं, हे माझं मत न्हाई. आता ह्या दोन्हीचं मिळून काय व्हतंय ते तू एम.ए. करून सांग."

चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सह्या किती केल्या असतील. अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं. रेणू म्हणली चालतंय. हे बाहेरून टमटम पुसत ऐकायले होते. आत येऊन म्हणले, "झालं?" जसं काय ह्यांनीच केलं.

१ जून, रविवार
मी मल्लूला फोन केला. पहिल्यांदा मी.
"ये."
"काय झालं आई? बरी हायेस ना?"
"बरी हाय. बोलवायलेय. ये."
मागं गाड्यांचा आवाज. मग म्हणला, "येऊन करू काय?"

बिरूनं सांगितलं होतं, बोलवायचं तर आधी पाणी दाखवावं लागतंय. माझ्याकडं कुठलं पाणी. म्हणलं, "जत्रेला ये."
"जत्रा दोन दिवसाची."
"मग दोन दिवस ये."
"बघू."

सुनीताचा बाप पण असंच म्हणला होता.

२२ जून, रविवार
लिष्टीत नाव लागलं. फी माफ, हॉस्टेल मिळेल म्हणं. रेणू उड्या मारायली. मी म्हणलं भाकरी करपायली, बाजूला सर.

पेढे वाटले. अप्पाला पण नेऊन दिले. घेतला. "आमच्या टॅक्सवर," म्हणले. म्हणलं, "आपल्या." अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून ठेवला, शुगर हाय म्हणून.

१४ जुलै, सोमवार
रेणू गेली. सकाळची बस. ह्यांनी टमटममधून स्टँडपर्यंत नेलं, वाटेत एक सवारी पण घेतली, भाडं सोडवलं न्हाई.

बस हलताना खिडकीतून म्हणली, "आई, तू मला परत ये म्हणशील, ठावं हाय. पण कशाला यायचं, ते तेवढं हुडकून ठेव. दोन वर्षं हायेत तुझ्याकडं."

मला वाटलं रडेल. हिनं मलाच काम लावून दिलं.

हॉस्टेलला आले. सईदानं इचारलं, "गई क्या?" म्हणलं, गेली. पीठ मळलेलं होतं. नवीन पोरी आल्यात, भुकेल्या असतात पहिले चार दिवस, मग टाकायला शिकतात. वार्डन मॅडम म्हणल्या ताटं कमी पडायलीत, फळीवरचं ते एक घ्या. म्हणलं, त्याच्यावर नाव हाय. न्हाई दिलं.

दुपारी स्टँडवर जाऊन आले. कामून गेले ठावं न्हाई. एक शाळा, दोन बँका, अप्पाचं दुकान, दवाखाना, तहसील. जाता येता बघत होते, कुठं इंजिनिअर बसंल, कुठं एम.ए. बसंल. दवाखान्याशेजारी एक जागा मोकळी पडलीय, बाभळी उगवल्यात. कुणाची हाय ते उद्या इचारते.