तीन महिने आजीकडे

प्रिय रुही,

मंगळवारी सकाळी मी देवपूजा अर्धवट टाकून उठलो. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. खिडकीतून दिसलं, शेजारी प्रीताकाकूंच्या दारात एक बाई उभ्या होत्या, गळ्यात सरकारी ओळखपत्र. हातात निरांजन तसंच धरून मी पडद्याआड उभा राहिलो. उपग्रहांच्या त्या नोकरीसाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी चौकशीनंतरची परवानगी, लागतो आणि त्यासाठी शेजाऱ्यांनाही विचारतात, हे तूच मागे सांगितलं होतंस.

थोड्या वेळाने काकू हसत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पार्टी द्या आता! असं कौतुक केलंय तुमच्या लेकीचं! म्हटलं, कॉलेज सोडून तीन महिने भारतात आजीची सेवा करून आली. आजकाल कोण करतं?" तुझी आई घाईने चहा टाकायला उठली. मला काकूंकडे बघवेना.

त्या तीन महिन्यांत तू पेनसिल्व्हेनियातल्या व्यसनमुक्ती केंद्रात होतीस, वेदनाशामक गोळ्या सुटाव्यात म्हणून. गुडघ्याच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी दिलेल्या संपल्या आणि तू मैत्रिणींकडून घेत राहिलीस. इथल्या महाराष्ट्र मंडळात कळू नये म्हणून आईने आजीचं कारण काढलं. तू परतलीस तेव्हा तिने इथल्याच एडिसन गावातल्या भारतीय दुकानातून बाकरवडी आणली, पाकिटांवरची डॉलरची लेबलं नखाने खरवडली आणि रुहीने भारतातून आणली म्हणून घरोघर वाटली. काकू म्हणाल्या, "इथल्या बाकरवडीला ही चव नाही बाई!" किती हसलो होतो आपण तिघं. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं, म्हणून मलाही ते खोटं गोडच वाटलं.

पण तेच तू क्लिअरन्सच्या फॉर्मवरही लिहिशील असं वाटलं नव्हतं. गोळ्यांच्या प्रश्नाला 'नाही', आणि ते महिने आजीकडे, असं लिहिल्याचं तूच सांगितलंस. तुझ्या पासपोर्टवर त्या वर्षीचा शिक्काच नाही, रुही! मी फोनवर हे म्हणालो तर तू म्हणालीस, "बाबा, एव्हरीबडी थिंक्स सो एनीवे. जस्ट ड्रॉप इट." तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. रविवारच्या शाळेतलं मराठी आठवून हळूहळू वाच.

नाव न सांगता मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, जुनी सवय, उपचार घेतलेत, पुन्हा हात लावलेला नाही, तर त्याचा विचार होऊ शकतो. हमी कुणी देणार नाही. पण लपवलेलं चौकशीवाल्यांनी पकडलं, तर पुढे कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी विचारण्याआधी स्वतःहून सांगितलं, तर तेवढीच एक जमेची बाजू उरते.

रोज देवापुढे बसतो, पण मागू काय? खोटं पचू दे असं मागता येत नाही, आणि तुझी नोकरी जाऊ दे असं बापाच्या तोंडून निघत नाही. तुला पाण्याचा पेलाही धरवायचा नाही, तिथून तू उठलीस. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तू केलंस, आणि ते घडलंच नाही असं लिहून दिलंस. मला याचंच फार वाईट वाटतं.

आज दुपारी आई देवळात गेली होती. मी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. आपल्यामुळे त्या बिचाऱ्या नकळत सरकारपुढे खोटं बोलल्या, ते मला सहन होईना.  त्यांनी एवढंच विचारलं, "पोर आता बरी आहे ना?" मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. आईला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी दुपारी काकू त्या बाईंना फोन करून आपलं बोलणं दुरुस्त करणार आहेत. मी त्यांना थांबवलं नाही. तू सकाळीच फोन कर, रुही. त्यांच्या आधी तू.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा