पाइन तोडल्यानंतर

प्रिय गरासी,

परवा फोनवर तू विचारलंस, "डोंगर कसा आहे?" आणि मी "ठीक" म्हणाले, कारण बाबा शेजारीच बसले होते. खरं म्हणजे डोंगरावर आपलं एकही पाइनचं झाड आता उरलेलं नाही.

गेल्या वसंतात खालच्या फांद्यांची सुयांसारखी पानं बुरशी लागून तपकिरी पडू लागली. ओल्या हवेत ही बुरशी झाडावरून झाडावर जाते, आणि आपल्याकडे हवा कोरडी असते कधी? उन्हाळ्यापर्यंत अख्खा उतार वणवा लागून गेल्यासारखा दिसायला लागला. शेजारचा क्लाउदिओ फाटकात उभा राहून ओरडायचा, "अन्ब्रोसिओ, तुझा रोग माझ्या रानात शिरतोय, तोडून टाक ती झाडं!" बाबा आतूनच म्हणायचे, "तुझ्याच रानातून आलाय तो. आधी तू तोड." आणि या वयात शिडी घेऊन रोगट फांद्या छाटायला निघायचे. शिडी धरायला अर्थात मी. वनखात्याची बाई सांगून गेली, ही झाडं आता वाढायची नाहीत, उभी ठेवलीत तर लाकूडही हातचं जाईल. बाबांनी तिला साधी कॉफीही विचारली नाही.

आपली आई गेली तेव्हा तू बिल्बाओला शिकत होतीस. बाबा मला म्हणाले होते, "हे पाइन तोडणीला येईपर्यंत थांब गं. मग तू मोकळी." मी थांबले. लग्नाचं राहिलं, नोकरीचं राहिलं, विशीतली मी चाळिशीत आले. म्हणून तुला एकटीलाच सांगते, शिडी धरून उभी असताना ती मेलेली पानं अंगावर पडायची, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. सुटले, असं वाटायचं.

शेवटी बाबांनीच हार मानली. यंत्र आलं, उतार बोडका झाला. ते दिवसभर उंबऱ्यात उभे होते, जेवले नाहीत. मी माझे कपडे वेगळे काढायला सुरुवात केली होती. आणि गेल्या आठवड्यात गाडीभर रोपं आली. जपानी देवदार. या बुरशीला तो दाद देत नाही म्हणे. बाबा गुडघ्यावर बसून लावत गेले, मी खड्डे खणत गेले. दुपारी घेवड्याची उसळ वाढत होते, तर त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर यांना कोण बघणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे ना." कितीतरी महिन्यांनी ते हसले आणि परत वाढ म्हणाले.

गरासी, ही रोपं तोडणीला येतील तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. तो शब्द मला मागे घ्यायचाय. रोज ठरवते, रोज त्यांच्यासमोर बसते आणि मीठ हवं का, एवढंच विचारते. एकटीने हे मला जमणार नाही. तू ये. तू काही बोलू नकोस, मी बोलेन. तू फक्त माझ्या बाजूच्या खुर्चीत बस.

तुझीच,
ओनिंत्सा